जुनी सायकल घेताना



नवी सायकल घेणे सोपे असते. दुकानात जावे, रंग पाहावा, पैसे मोजावेत आणि घंटी वाजवीत घरी यावे. जुनी सायकल घेणे मात्र बैल घेण्यासारखे आहे. बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. आणि एवढे करूनही घरच्या म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय सौदा पक्का करीत नाही. सायकलीच्या बाबतीत तीच माणसे नुसत्या चकाकीवर भुलतात. म्हणून आज या विषयावर दोन गोष्टी बोलायच्या आहेत. विशेषतः जे पहिल्यांदाच सायकल धरणार आहेत आणि ज्यांचे मन बारीक चाकांच्या, वाकड्या हँडलच्या जुन्या रेसिंग सायकलीवर बसले आहे, त्यांच्यासाठी.

अशा सायकलींची ओढ आपल्या वऱ्हाडात अलीकडे वाढली आहे, आणि तिला कारणेही आहेत. एक तर रस्ते सुधारले. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला मार्गावर लोणी ते मूर्तिजापूरच्या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली, हे आपल्याला आठवत असेल. अशा रस्त्यावर बारीक टायर कसे सुरसुरत जाते ते एकदा अनुभवले की साधी सायकल नकोशी वाटते. दुसरे असे की नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याची ती प्रचंड शर्यत एकट्याने पुरी केली, तेव्हापासून विदर्भातल्या पोरांना सायकल ही गरिबाचीच गाडी आहे असे वाटेनासे झाले. हे चांगलेच झाले. पण नव्या रेसिंग सायकलीच्या किमती ऐकल्या की छातीत धस्स होते. मग माणूस जुन्याकडे वळतो.

माझ्या ओळखीचे एक शिक्षक असेच वळले. त्यांचे गाव गुरुकुंज मोझरीपासून आत, काळ्या मातीच्या शिवारात आहे. शाळा महामार्गाच्या कडेला, तिवशाच्या बाजूला. अंतर अकरा किलोमीटर: चार किलोमीटर गावची वाट आणि सात किलोमीटर डांबरी. नोकरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे. सकाळची एस. टी. चुकली की पहिला तास गेला, आणि तासाबरोबर त्याचे पैसेही गेले. महिन्यातून पाच-सहा तास असे बुडत. मोटारसायकलचा हप्ता त्या पगारात बसणारा नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवले की एक चांगली जुनी सायकल घ्यायची. महिनाभराच्या मिळकतीएवढी रक्कम त्यांनी बाजूला काढली होती. त्यापलीकडे घरातून एक रुपया निघणार नव्हता. शाळकरी वयात कैची मारून चालवली असेल तेवढीच. नंतर वीस वर्षे सायकलीला हात लागलेला नव्हता.

त्यांच्यापुढे तीन सायकली होत्या. पहिली अमरावतीला: हिरव्या रंगाची, दहा गिअरची, विलायती रेसर. कोणाचा तरी मुलगा पुण्याला शिकायला होता, त्याने तिकडे हौसेने घेतलेली. दुसरी एका निवृत्त कारकुनाची, लाइट रोडस्टर जातीची. सरळ हँडलची, केबलच्या ब्रेकची, गिअर नसलेली. तिसरी गावातलीच, काळी, चोवीस इंची, सळईच्या ब्रेकची. ती ज्याची होती तो म्हातारा पैसे घ्यायलाही तयार नव्हता. "चालव बाप्पा, नाहीतरी गोठ्यात उभी हाय," म्हणाला.

आता या तिन्हींत निवड करायची म्हणजे काय काय पाहायचे?

सगळ्यात आधी माप. पुष्कळांना वाटते की सायकलीचा आकार चाकावरून ठरतो. माणसाला सायकल बसते की नाही हे फ्रेमवरून ठरते. बावीस इंची, चोवीस इंची असे जे आपण म्हणतो ते सीटखालच्या उभ्या नळीचे माप. सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन, आडव्या नळीवर उभे राहावे, चपला पायातच असू द्याव्यात. दोन्ही टाचा जमिनीला टेकून नळी आणि अंग यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. नळी अंगाला टोचत असेल तर ती सायकल कितीही स्वस्त मिळो, परत करावी. कारण सीट खाली-वर करता येते, नळी खाली करता येत नाही. गुरुजींची उंची पाच फूट चार इंच. गावातली चोवीस इंची काळी सायकल इथेच बाद झाली. चौकात एकाएकी बैलगाडी आडवी आली आणि पाय टेकावा लागला, तर उंच सायकलीवरचा माणूस एका बाजूला कलंडतो. महामार्गावर असे कलंडणे जिवावर बेतते.

सीटची उंची ठरवण्याची जुनी रीत अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला झुकता कामा नये. म्हणजे पंजाने चालवताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आपल्याकडे निम्मी माणसे सीट खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकललाच नावे ठेवतात. रेसरच्या बाबतीत आणखी एक लांबी पाहावी लागते, ती सीटपासून हँडलपर्यंतची. कोपर सीटच्या टोकाला लावून हात पुढे पसरावा. बोटांची टोके हँडलच्या आसपास पोचली तर ठीक. फारच दूर राहिली तर नवशिक्याची मान आणि कंबर पंधरा दिवसांत बोलू लागेल.

मापानंतर फ्रेम. इथे गुरुजींनी मोझरीच्या एका मिस्त्रीला बरोबर नेले होते, हे फार शहाणपणाचे केले. हिरव्या रेसरचा रंग पाहून गुरुजी खूश झाले, तर मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, कलर काय पाहून राह्यले? कलर तं आमीबी मारून देतो. हे खालचं पाहा." आणि त्याने सायकल उलटी करून जमिनीवर ठेवली. हँडलखालची जी आखूड उभी नळी असते, तिला जिथे तिरकी नळी येऊन मिळते, त्या सांध्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवून पाहावे. तिथे पत्र्याला सुरकुती किंवा फुगवटा लागला, रंगाला बारीक आडवी चीर दिसली, तर ही सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे असे समजावे. तसेच समोरचा चिमटा बाजूने पाहावा. तो पुढे नीट बाक घेऊन गेलेला असतो. मागे ढकललेला दिसला तर तेच कारण.

फ्रेम सरळ आहे की पिळलेली, हे पाहायला फक्त एक दोरा लागतो, आणि हा प्रयोग शिक्षकांनी वर्गातल्या मुलांकडून करून घ्यावा असा आहे. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेला दोरा बांधावा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणावा. आता सीटखालची नळी दोन दोऱ्यांच्या मधोमध आली. दोन्ही बाजूंचे अंतर पट्टीने मोजावे. सारखे भरले तर फ्रेम सरळ. तीन-चार मिलिमीटरचा फरक असला तर मागचे चाक पुढच्याच्या मागून धावत नाही, थोडे कुत्र्यासारखे तिरके धावते. दुसरी रीत आणखी सोपी: दोन्ही टायर ओले करून सायकल फुफाट्यातून सरळ ढकलत न्यावी आणि मागे वळून चाकोरी पाहावी. एकच रेघ दिसली पाहिजे.

जुन्या सायकलींची फ्रेम पोलादाची आणि सांध्यांवर पितळेचा झाळ दिलेली असते, हा तिचा मोठा गुण. ती वाकली तर सरळ होते, सांधा सुटला तर आपल्याकडचा झाळकाम करणारा तो पुन्हा जोडू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची नवी फ्रेम तडकली तर खेड्यात तिला इलाज नाही. मात्र उंची विलायती रेसरच्या नळ्या फार पातळ असतात. त्यांवर कधी कधी 'रेनॉल्ड्स ५३१' असा कागदी छाप दिसतो. हे पोलाद १९३५ साली बाजारात आले आणि त्याची फ्रेम वजनाला हलकी व फार गोड चालते. अशा नळीला जाड लोखंडाप्रमाणे भरपूर आच देऊन चालत नाही. आणि छाप चिकटवलेला असतो, तो दुसऱ्या फ्रेमवरही चिकटवता येतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता एक परीक्षा अशी, की जी करायला पुष्कळजण विसरतात. सीटचा नट सैल करून सीटचा पाइप खाली-वर होतो का पाहावे. हँडलचा बोल्ट सैल करून हँडलही हलते का पाहावे. वीस वर्षे एकाच जागी राहिलेला पाइप गंजून फ्रेमशी एकजीव होतो. मग सीट तुमच्या उंचीची करताच येत नाही. हिरव्या रेसरचे हँडल असेच जाम होते. विकणारा म्हणाला, तेल सोडून ठेवा, चार दिवसांत निघेल. कधी निघते, कधी फ्रेम कापावी लागते. अशा वेळी आपण एकच म्हणावे: तुम्हीच तेल सोडा, तुम्हीच काढून ठेवा, मग आम्ही पैसे घेऊन येतो.

चाकांचे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या रेसरमध्ये फसगत होते ती बहुधा इथेच. आपण 'सव्वीसचे टायर', 'अठ्ठावीसचे टायर' असे म्हणतो. पण सव्वीस म्हणजे सगळीकडे एकच सव्वीस नव्हे. आपल्या काळ्या सायकलीचे २८ × १½ टायर ज्या रिमवर बसते, तिथे तिचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. जुन्या विलायती रेसरचे २७ × १¼ टायर ६३० मिलिमीटरवर बसते. आजच्या नव्या रेसिंग सायकलींचे, ज्याला दुकानदार सातशे सी म्हणतात, ते ६२२ वर. लाइट रोडस्टरचे २६ × १⅜ हे ५९० वर, आणि जाड टायरच्या डोंगरी सायकलीचे २६ मात्र ५५९ वर. म्हणजे दोन्ही 'सव्वीस', पण एकमेकांवर मुळीच न बसणारे. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत पुष्कळदा ३७-५९०, ३२-६३० असे दोन आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा बैठकीचा. दुसरा आकडा जुळला तरच टायर जुळले. घरून निघताना हा आकडा चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि गावच्या बाजारात जाऊन आधी विचारावे: या आकड्याचे टायर आहे का?

हिरव्या रेसरवर आकडा होता ६३०. तिवशाला नाही, मोझरीला नाही, अमरावतीला दोन दुकाने फिरल्यावर "मागवून देतो" असे उत्तर मिळाले. काही लोक यावर तोड काढतात. सातशे सीची चाकेच बसवून टाकतात. दोन्हींच्या व्यासात आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे रिम चार मिलिमीटर खाली जाते. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवायला खाचेत जागा असली तर हे जमते. पण मग सायकलीच्या किमतीत चाकांची किंमत मिळवायला हवी. काळ्या सायकलीचे टायर मात्र किराणा दुकानातही टांगलेले सापडते. ही सोय सायकलीच्या रूपगुणापेक्षा मोठी आहे असे माझे मत आहे, निदान ज्याला रोज सकाळी नऊच्या ठोक्याला वर्गात उभे राहायचे आहे त्याच्यासाठी.

सुट्या भागांचे म्हणाल तर तिथेही इतिहासाचा संबंध येतो. आपल्याकडे सायकलीचा धंदा इंग्रजी वळणावर वाढला. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्सची स्थापना झाली आणि हर्क्युलिस, बी. एस. ए. ही नावे घरोघर पोचली. सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलास, लुधियानाला १९५६ मध्ये हिरो. यातल्या ॲटलासचा साहिबाबादचा मोठा कारखाना २०२० च्या जूनमध्ये, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी तिच्या सायकलीचे भाग मिळत राहतात, कारण या सगळ्यांची मापे, नट-बोल्टांचे आटे थोडेफार एकमेकांशी मिळतेजुळते. एकीचा कोन, कटोरी, छर्रे दुसरीला चालवता येतात. जुन्या फ्रेंच सायकलींचे आटे मात्र वेगळे. पायडलच्या मधल्या घरातली कटोरी झिजली की ती आपल्या बाजारात मिळत नाही, आणि मग चांगली सायकल एका कटोरीपायी भिंतीला टेकून राहते.

आणि आपली माती! वऱ्हाडातली काळी माती पावसात कशी वागते हे तुम्हाला काय सांगावे. बैलाच्या खुराला धरते ती सायकलीच्या चाकाला सोडील काय? रेसरच्या चिमट्यात आणि टायरमध्ये बोटभरही जागा नसते. शंभर पावलांत गारा भरून चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मिस्त्री म्हणालाच होता, "हे पयते मस्त, पन गाऱ्यात उभी राह्यते." काळ्या सायकलीचे मडगार्डही भरतात, नाही असे नाही, पण काडीने उकरून पुढे जाता येते. उन्हाळ्यात बाभळीचे काटे आणि सराटे. जाड टायर काटा थोडा तरी पचवते. बारीक टायर पचवीत नाही. शिवाय बारीक टायरला हवा फार कडक भरावी लागते, आणि रेसरच्या ट्यूबला पुष्कळदा बारीक फ्रेंच वॉल्व्ह असते. आपल्या गावच्या पंपाचे तोंड तिच्यावर नीट बसेलच असे नाही. एक छोटी पितळी टोपी मिळते, ती बसवली की काम होते. रेसर घेणाराने अशा दोन टोप्या, एक ट्यूब आणि पंप कायम बरोबर ठेवावा.

गिअरचे आकर्षण फार. दहा गिअर म्हटले की मुले गोळा होतात. पण टूर द फ्रान्स ही जगातली सर्वांत नावाजलेली शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली आणि १९३७ पर्यंत तिच्यात चालत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारे यंत्र वापरायलाच बंदी होती. ते लोक आल्प्ससारखे पर्वत त्याशिवाय चढत. आपल्या मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या पारशी तरुणांनी ऑक्टोबर १९२३ मध्ये निघून १९२८ च्या मार्चमध्ये सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. ७१ हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात त्यांना वाळवंटेही लागली. तेव्हा अकरा किलोमीटरच्या सपाट वाटेला दहा गिअर लागतातच असे नाही.

गिअर म्हणजे काय याचे गणित मात्र शिकण्यासारखे आहे. पुढच्या चक्राचे दात मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा, भागाकार करा. समजा पुढे ४४ आणि मागे १८. भागाकार जवळजवळ अडीच. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक अडीच फेरे घेते. अठ्ठावीसच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे. रेसरला पुढे ५२ आणि मागे १४ असले तर एका फेऱ्यात आठ मीटर. ऐकायला छान, पण वारा समोरून आला की नवशिक्याचे पाय उचलत नाहीत. जुन्या रेसरचे गिअर बदलायचे खटके तिरक्या नळीवर खाली असतात. एक हात हँडलवरून काढून, वाकून, अंदाजाने ते सरकवावे लागतात. ज्याचा तोल अजून बसलेला नाही त्याने ट्रकांच्या रस्त्यावर हा खेळ करू नये.

साखळीही मोजून पाहावी. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस जोडांना नेमके बारा इंच भरले पाहिजेत. बारा इंच आणि वर एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, भरला तर साखळी तर गेलीच, तिच्याबरोबर फ्रीव्हीलचे दातही खाल्ले गेले असे धरावे आणि दोन्हींचे पैसे किमतीतून वजा मागावेत.

ब्रेकविषयी थोडक्यात. चकचकीत कढईसारखी मुलामा दिलेली लोखंडी रिम पावसात ओली झाली की कोणताही ब्रेक उशिरा धरतो, मग तो सळईचा असो की केबलचा. जुने रबर दगडासारखे कडक झालेले असते, ते सायकल घेतल्या दिवशीच बदलावे. वाकड्या हँडलच्या रेसरवर ब्रेकच्या मुठी पुढे वळणावर असतात. नवशिका घाबरून हँडल वरच्या सरळ भागावर धरतो आणि तिथून मुठी हाताला लागत नाहीत. काही सायकलींना वरून दाबायची दुसरी पट्टी जोडलेली असते, पण तिचा जोर कमी पडतो. पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि सायकल पुढे-मागे हलवावी. हँडलच्या घरात खडखड लागली तर छर्रे-कटोरी तपासावी. पायडलचे दोन्ही दांडे आडवे करून दाबून पाहावेत. टकटक लागली तर कॉटर पिन सैल आहे. चाक उचलून फिरवावे, आउट असेल तर दिसतेच. आउट काढता येतो, त्याचे भय नाही. रिमला खड्ड्याचा पोचा पडलेला असेल तर मात्र विचार करावा.

गुरुजी शेवटी वेळेचा हिशेब मांडून बसले. गावची चार किलोमीटर वाट तिन्ही सायकलींना सारखाच वेळ घेणार, पावसात रेसरला जास्तच. फरक पडायचा तो डांबरी सात किलोमीटरांत. ताशी बाराने पस्तीस मिनिटे, लाइट रोडस्टरवर ताशी पंधराने अठ्ठावीस, रेसरवर ताशी वीस जमले तर एकवीस. म्हणजे हिरव्या सायकलीने दुसरीपेक्षा वाचवायची सात मिनिटे. एक पंक्चर झाले की महिनाभराची सात-सात मिनिटे त्यात बुडाली. त्यांनी कारकुनाची सायकल घेतली. मन हिरवीतच राहिले होते, हे त्यांनी मला सांगितले, आणि मला त्यात नवल वाटले नाही.

यावरून रेसर कोणीच घेऊ नये असा अर्थ कृपया काढू नका. ज्याचे घर डांबरी रस्त्यालाच लागून आहे, जो रविवारी पहाटे हौसेने चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊ इच्छितो, ज्याच्याजवळ कामाला दुसरे वाहन आहे आणि जो स्वतः पाना हातात घ्यायला कचरत नाही, त्याने जुनी पोलादी रेसर अवश्य घ्यावी. तीस-चाळीस वर्षांची चांगली फ्रेम नीट ठेवली तर आणखी तितकीच चालेल. अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा आहे, तिथल्या तरुणांना अंग कसे कमवायचे हे शिकवायला नको. पुण्याला कधी गेलात तर कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे, ते पाहून या. जुनी सायकल किती देखणी असू शकते आणि ती तशी ठेवायला किती मेहनत लागते, दोन्ही तिथे कळते.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक निराळी गोष्ट सांगावीशी वाटते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या पुष्कळ मुलींना सायकली मिळाल्या. बारावी झाली, मुलगी सासरी किंवा शहरात गेली की ती सायकल घरी पडून राहते आणि पुढे भंगारात जाते. त्याच गावात सातवीतून आठवीत जाणारी दुसरी मुलगी पायी चालत असते. या दोन घरांची गाठ शिक्षकच घालून देऊ शकतात. मात्र माप पाहावे. थोरलीची सायकल धाकटीला उंच होते, दोनदा पडते, आई म्हणते "राहू दे बाई," आणि मुलीची शाळा तिथेच थांबते. सीट खाली करूनही दोन्ही पायांचे चवडे टेकत नसतील तर लहान फ्रेम शोधावी. साखळीवर कव्हर असलेच पाहिजे. ओढणी साखळीत जाऊन झालेले अपघात आपण पाहिले आहेत.

पैशांचा व्यवहार करताना ओव्हरऑइलिंगचा खर्च आधीच धरावा. जुनी सायकल घेतली म्हणजे सगळे छर्रे काढून, धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यायचेच. त्यात दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकची रबरे, साखळी. हे सगळे मिळवून नव्या साध्या सायकलीच्या किमतीच्या दोन-तृतीयांशाच्या वर जात असेल तर नवीच घ्यावी. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, बहुधा सीटखालच्या सांध्यावर किंवा उलटी केल्यावर पायडलच्या घराखाली. एकेकाळी नगरपालिका सायकलींना दर वर्षी बिल्ला देत आणि बिल्ला नसला की पोलीस अडवीत. आता तसे राहिले नाही, म्हणून तर नंबर लिहून पावती घेणे जास्त जरुरीचे झाले. साध्या कागदावर विकणाराचे नाव, सही, तारीख, रक्कम आणि हा नंबर. ज्याच्या सायकलीचा नंबर घासून काढलेला असेल त्याला नमस्कार करून परत फिरावे.

सायकल घरी आल्यावर पहिले आठ दिवस महामार्गावर जाऊ नये. गावच्या मैदानात, संध्याकाळी, एका हाताने हँडल धरून मागे वळून पाहायचा सराव करावा. मागे पाहताना सायकल सरळ जायला लागली म्हणजे रस्त्यावर जायला हरकत नाही. मोझरीजवळून नागपूर–अमरावतीची सगळी अवजड वाहतूक जाते, पुण्यतिथीच्या दिवसांत तर गर्दीला अंतच नसतो. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, आणि थंडीच्या धुक्यात अंगात फिकट रंगाचा सदरा. हवा दर आठवड्याला पाहावी; मऊ टायरवर पाय जड होतात आणि रिमला पोचे पडतात. आमचे गुरुजी पहिल्या आठवड्यात पन्नास मिनिटे घेत. दिवाळीच्या सुटीनंतर ते चाळिसावर आले होते, आणि त्या सहामाहीत त्यांचा सकाळचा एकच तास बुडाला, तोही पुलावरून पाणी गेले त्या दिवशी.